कललेले शिक्के

नोत्सु साचिएने बटण दाबलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावर फिरणाऱ्या छोट्या चकतीकडे बघत ती मनात आकडे मोजायला लागली. सत्तावीसला पडदा पांढुरका झाला. अठ्ठावीसला सगळा तक्ता मिटला आणि मागचं निळं, कोरं चित्र तेवढं उरलं.

सकाळपासूनची ही अकरावी वेळ.

"गेली?" पलीकडच्या टेबलावरून इतोहाराने विचारलं.

"गेली."

इतोहारा विभागप्रमुख. साडेचार वर्षांपूर्वी शहरातल्या मुख्य कचेरीतून या बंदरावरच्या बर्फ कारखान्यात आला, तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याला सर्दी व्हायची आणि दर हिवाळ्यात तो नव्याने आश्चर्य करायचा. माणूस वाईट नव्हता. मोजे मात्र अजून शहरातलेच घालायचा. कचेरी होती बर्फाच्या कोठाराच्या बरोब्बर वर. इथे ऐन उन्हाळ्यातही पायाखालची जमीन गार असायची आणि दिवसभर बारीक थरथरत राहायची.

"नोत्सुसान, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," तो नाक पुसत म्हणाला. "पाच वाजेपर्यंत बघा. नाहीच जमलं तर मुख्य कचेरीला फोन लावतो. ते तिकडून वाटपाची यादी पाठवतील. आणि मग या फाइलला आपण निवृत्त करू."

"निरोप समारंभ करणार का तिचा?"

"फुलं मी आणतो," इतोहारा म्हणाला आणि शिंकला.

साचिए हसली, पण हसू गालापर्यंतच गेलं. तिने फाइल पुन्हा उघडली.

आज चार नोव्हेंबर. परवा खेकड्यांचा हंगाम उघडणार. बंदरातल्या तेवीस बोटी उद्या रात्री बाहेर पडणार, म्हणजे उद्या सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत तेवीसच्या तेवीस बोटींत बर्फ भरला गेला पाहिजे, आणि बर्फ सोडायच्या घसरगुंड्या दोनच. कुठली बोट किती वाजता, कुठल्या घसरगुंडीला, किती टन, हे ठरवून त्याचा एक कागद रोज पाच वाजता खाली कोठारात जायचा. तो कागद ही फाइल बनवायची. एक बटण दाबायचं. त्यामागे लिहून ठेवलेल्या हुकमांची लांबलचक यादी, म्हणजे मॅक्रो, एकामागून एक चालायची आणि मिनिटभरात तेवीस बोटी शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहायच्या.

मॅक्रो लिहिला होता कादोवाकीसाहेबांनी. इतोहाराच्या आधीचे विभागप्रमुख. त्यात हुकमांच्या मध्ये मध्ये त्यांनी स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवली होती. यंत्र ती वाचत नाही, फक्त माणूस वाचतो. 'फुकुयोशी आणि म्योजिन या बोटी शेजारी लावू नयेत. कारण विचारू नये.' 'एबिसु मारूचा कप्तान टन कमी सांगतो. दीड मिळवावा.' मुख्य कचेरीच्या यादीला यातलं काय कळणार होतं!

साचिएने खण उघडला, पेन घेतलं आणि खण लावता लावता थांबली. पेनांच्या खाली ते पोस्टकार्ड होतं. परवा आलेलं. राखाडी किनारीचं.

'वडील कादोवाकी शिगेआकी यांचं जून महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी निधन झालं. या कारणाने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देण्यास आम्ही असमर्थ आहोत. क्षमा असावी.' खाली मुलीचं नाव, पत्ता सेन्दाईचा. सगळं छापील. वडिलांच्या शुभेच्छापत्रांच्या यादीत जेवढी नावं सापडली असतील तेवढ्या सगळ्यांना गेलेलं. त्या यादीत आपण होतो, एवढंच त्या कार्डावरून साचिएला कळलं होतं.

जून. म्हणजे ऑगस्टात तिने घराला नव्या जाळ्या बसवल्या तेव्हा ते नव्हते. सप्टेंबरच्या वादळात कोठाराचा पत्रा उडाला, तेव्हा 'साहेब असते तर म्हणाले असते, बर्फाला हवा लागू दे जरा,' असं मनाशी म्हणून ती एकटीच हसली होती. तेव्हाही नव्हते.

निवृत्त होऊन मुलीकडे गेल्यापासून त्यांची चार शुभेच्छापत्रं आली. चारही नववर्षाची, चारही कार्डांवर पंचांगातला त्या त्या वर्षाचा प्राणी छापलेला आणि त्याच्याखाली पेनाने एकच ओळ: 'फाइल चालतेय ना?' साचिए चारही वेळा उलट लिहायची: 'चालतेय.' त्याच्या वर काही लिहायचं कधी सुचलं नाही. म्हणजे सुचायचं, पण कार्ड लहान असतं.

फोन वाजला.

"साचिए, अगं तुझं ते यंत्र मेलं म्हणे?" पलीकडे तामायो होती, फुकुयोशी मारूच्या कप्तानाची बायको. पन्नास वर्षं मासळीबाजारात ओरडून ओरडून तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं.

"मेलं नाही. रुसलंय."

"आमचे हेसुद्धा सकाळपासून तसेच. खेकडे काय वाट बघत बसणारेत? बर्फ किती वाजता ते सांग."

"पाच वाजता कागद निघेल."

"आणि हे बघ, त्या म्योजिनवाल्यांच्या शेजारी नको हं आम्हाला. मी नुसतं सांगून ठेवतेय."

"नाही लावत."

"तुला कारण माहितेय ना?"

"नाही. विचारतही नाही."

"गुणाची गं माझी," तामायो म्हणाली. मग आवाज जमेल तेवढा खाली आणून, "एकटीच जेवतेस ना अजून? हंगाम उघडला की ये. पाय तुटलेले खेकडे बाजूला ठेवते तुझ्यासाठी. चव तीच असते."

"येईन," साचिए म्हणाली. गेल्या वर्षीही हेच म्हणाली होती.

फोन ठेवून तिने बाह्या वर केल्या. मॅक्रो सबंध चालवायचा सोडून ती एकेक हुकूम हाताने पुढे सरकवू लागली. हे तिला कुणी वर्गात शिकवलेलं नव्हतं. साहेबांनी एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि म्हणाले होते, "मी गेल्यावर हिला ताप आला तर बघायला कुणीतरी हवं." त्या पुस्तकाच्या जोरावर तिने साडेचार वर्षं फाइलची दुखणीखुपणी काढली होती. नवी बोट आली, नाव घाल. बोट विकली गेली, नाव काढ. पण असं फाइलने धाडकन अंग टाकणं पहिल्यांदाच.

एकेचाळिसाव्या हुकमाला ती पुन्हा पडली. पुन्हा चालवली, पुन्हा एकेचाळिसावाच. तिथे लिहिलं होतं: कालचं पान उचल, त्याची नक्कल कर, जुनी अक्षरं पूस, त्यावर आजचं मांड.

इतकी वर्षं रोज करत आलेलं काम आजच का जड व्हावं? साचिएने फाइलचं वजन बघितलं आणि डोक्याला हात लावला. पानभर आकडे, आणि वजन एखाद्या सिनेमाएवढं. अक्षरांना एवढं वजन नसतं. मग अक्षरांच्या खाली काय आहे?

तिने सहा ओळींचा एक छोटा मॅक्रो लिहिला: या पानावर जेवढी चित्रं असतील तेवढी मोज. यंत्र कुंथलं. मग आकडा आला.

पाच हजार पाचशे चौदा.

पानावर तर एकही चित्र दिसत नव्हतं. उजव्या वरच्या कोपऱ्यात एक केसाएवढी लाल रेघ होती, जिला ती आजवर चौकटीची कड समजत आली होती. तिने पान चौपट मोठं करून बघितलं. रेघ जवळून खरबरीत होती, एकावर एक रचलेल्या कागदांच्या कडेसारखी.

शिक्के होते ते.

साडेनऊ वर्षांपूर्वी मुख्य कचेरीतून हुकूम आला होता, कागदावर शिक्के मारणं बंद, मंजुरी पडद्यावरच द्यायची. शिक्का बंद म्हटल्यावर खालच्या कोठारापासून वरच्या कचेरीपर्यंत सगळ्यांना उघडंउघडं वाटायला लागलं. आडनावाचा लाल गोल शिक्का नसलेला कागद खाली नेला तर बर्फ सोडणारा कागेयामा म्हणायचा, "हे कुणी दिलंय? वाऱ्याने?" तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. सगळ्यांच्या शिक्क्यांची चित्रं करून फाइलमध्ये ठेवली. बटण दाबलं की आपापल्या चौकटीत शिक्का उमटायचा. मुख्य कचेरी खूश, कागेयामाही खूश. फक्त एक गोष्ट साहेबांच्या नजरेतून निसटली. रोज नवं पान करताना त्यांनी जुनी अक्षरं पुसायला सांगितलं होतं. जुनी चित्रं पुसायला सांगायचं राहिलं. जुन्या ओळी मिटल्या की त्यांच्यावरचे शिक्के चपटे होऊन दोऱ्याएवढे व्हायचे आणि नव्या पानाबरोबर पुढे जायचे. साडेनऊ वर्षं रोज दोन शिक्के पाठीवर वाढवत फाइल चालत आली होती. आज तिचे पाय मोडले.

उपाय सोपा होता. सगळी चित्रं पूस. एका ओळीचा हुकूम.

साचिएने ती ओळ लिहिली, पण चालवली नाही. आंधळेपणाने काही पुसू नये, असं त्या जाड पुस्तकात पेन्सिलीने अधोरेखित केलेलं होतं. आधी यादी काढावी, मग पुसावं. तिने यादी काढली. कुणाचा शिक्का, कुठल्या तारखेचा, किती रुंद, किती उंच, किती अंश कललेला.

उंची सगळ्यांची शून्य. ते माहीतच होतं. तिची नजर शेवटच्या रकान्यात गेली.

तिचे स्वतःचे शिक्के, सुरुवातीचे थोडे सोडले तर, एकजात दहा अंश डावीकडे. हेही माहीत होतं. विसाव्या वर्षी ती गावातल्या पतपेढीत लागली, तेव्हा पहिल्या आठवड्यात भिंतीवर कोन आखलेल्या फळीसमोर उभं करून सगळ्या मुलींना वाकायला शिकवलं होतं. जिन्यात भेटलेल्याला पंधरा अंश. ग्राहकाला तीस. मनापासून आभार मानायचे असतील किंवा क्षमा मागायची असेल तर पंचेचाळीस, आणि वर बघायची घाई करायची नाही. शिक्क्याचंही तसंच. साहेबाची चौकट डावीकडे, आपली उजवीकडे. आपला शिक्का जरासा डावीकडे झुकवून मारायचा, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्यासमोर वाकलेला दिसतो. पतपेढी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही.

साहेबांच्या ते एकदाच लक्षात आलं होतं.

"नोत्सुसान, तुमचा शिक्का पडतोय."

"पडत नाही साहेब. वाकतोय. तुमच्याकडे."

"अरे बापरे! मग मी काय करायचं?"

"तुम्ही काही नाही करायचं. साहेबांचा सरळ उभा असतो."

"एवढा वेळ सरळ उभं राहिलं की कंबर धरते हो," ते म्हणाले होते आणि आपला डबा उघडून जेवायला लागले होते. त्यांची बायको आजारी असायची, डबा ते स्वतःच करायचे. रोज एकच गुंडाळलेलं अंडं, कडेला जरा करपलेलं. दुसऱ्या दिवशी मॅक्रोमध्ये एक ओळ वाढलेली होती: नोत्सुसानचा शिक्का दहा अंश डावीकडे वळवावा. रोज हाताने वळवायला नको म्हणून.

साहेबांच्या स्वतःच्या शिक्क्यासाठी अशी ओळ नव्हती. साचिएला मॅक्रो पाठ होता. तरी तिने वर जाऊन पुन्हा बघितलं. नव्हती.

पण यादीत साहेबांच्या नावापुढे आकडे होते.

पहिल्या एप्रिलभर शून्य. मेच्या मध्यापर्यंत शून्य. एकोणीस मेला सात, उजवीकडे. वीस मेला नऊ. मग सहा. आठ. आठ. सात. पाच. नऊ. यंत्राने वळवला असता तर आकडा एकच आला असता. हा हाताने वळवलेला शिक्का होता. बटण दाबायचं, चित्राला धरायचं, जरासं फिरवायचं. रोज.

साचिए यादी खाली सरकवत राहिली. आठ, सहा, सात. एके ठिकाणी सलग शून्य आले आणि तिचं बोट थबकलं. बारा फेब्रुवारी ते तीन मार्च, सात वर्षांपूर्वीचे. तेव्हा ती आईजवळ इस्पितळात होती, आणि मग आईचं सगळं उरकेपर्यंत घरी. तिच्या जागी तेवढे दिवस नाकाओ बसला होता. नाकाओचा शिक्का सरळ, आणि डावीकडच्या चौकटीत साहेबांचा शिक्काही तसाच, ताठ. चार मार्चला ती कामावर परतली. चार मार्चपुढे लिहिलं होतं, दहा.

तिला तो कागद आठवला नाही. कुठलाच आठवला नाही. ते कागद खाली जायचे, ओल्या हातमोज्यांतून फिरायचे आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा. आठवलं ते एवढंच, की साहेबांचा शिक्का जरा वाकडा येतोय असं एकदा तिच्या नजरेला आलं होतं, आणि तिने आपणहून सांगितलं होतं, "साहेब, प्रिंटर कागद तिरका ओढतोय." प्रिंटर जुनाच होता, सगळे त्यालाच बोल लावायचे.

"हो का?" साहेब म्हणाले होते. "बघायला हवं."

आणि कधीच बघितलं नव्हतं.

खालून बर्फ फुटल्याचा कडाडकन आवाज आला. साचिएने यादी साहेबांच्या नावाच्या शेवटच्या ओळीपर्यंत नेली. साहेबांचा शेवटचा दिवस, एकतीस मार्च. त्या दिवशी चार वाजता ती स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांच्या निरोपाची फुलं आणायला गेली होती. जाताना आपला शिक्का मारून गेली होती. परत आली तोवर कागद खाली गेलेला. मग भाषणं, मग फुलं, मग साहेबांनी सगळ्यांना मिळून एकदाच वाकून केलेला नमस्कार. त्या गर्दीत ती तिसऱ्या रांगेत उभी होती.

एकतीस मार्च. कादोवाकी. पंचेचाळीस.

साचिएने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. आकडा तोच होता.

दार ढकलून कागेयामा आत आला, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांतून पाणी ठिबकत. "नोत्सुसान, चार वाजून वीस मिनिटं झाली. खाली कप्तान लोक जमायला लागलेत. फुकुयोशीवाला एका टोकाला आणि म्योजिनवाला दुसऱ्या टोकाला, दोघंही समुद्राकडे बघतायत. मला लक्षण बरं दिसत नाही."

"कागद पाचला मिळेल."

"नक्की?" इतोहाराने फोनवर ठेवलेला हात तसाच ठेवत विचारलं. "कारण लावायचा तर फोन आत्ताच..."

"नक्की," साचिए म्हणाली.

ती ओळ अजून तिथेच होती. सगळी चित्रं पूस. तिला वाटलं, दोन ठेवावेत. एक त्यांचा, एक आपला, त्याच तारखेचे. दोन शिक्क्यांनी कुठली फाइल मरते? तिने त्या दोघांना वगळायचा हुकूम लिहायला घेतला, अर्धा लिहिला. मग तिच्या डोळ्यांपुढे उद्याचं पान आलं. उद्या ते दोन शिक्के नकलेबरोबर पुढे जातील. परवा पुन्हा. रोज चपटे होऊन, कुणाला न दिसता. त्यांनी काय कमी दिवस काढले तसे?

तिने अर्धा हुकूम खोडला. सगळी चित्रं पूस. आणि त्याखाली, रोजच्या कामात आणखी एक हुकूम वाढवला, नवं पान करताना अक्षरांबरोबर जुने शिक्केही पुसायचे. जे राहून गेलं होतं ते.

बटण दाबलं. आकडा पाच हजारांवरून उतरू लागला. ती मोजत बसली नाही. नुसती बघत राहिली, बोट बंदराबाहेर जाईपर्यंत धक्क्यावरची माणसं बघतात तशी. शून्य आल्यावर यंत्राचा घरघरणारा पंखा बंद पडला आणि कचेरीत एकदम शांत झालं.

मग तिने रोजचं बटण दाबलं. चकती दोनदा फिरली. तेवीस बोटी रांगेत उभ्या राहिल्या. फुकुयोशी सकाळी सातला, म्योजिन दुपारी दोनला. एबिसु मारूच्या टनांत दीड मिळवलेला.

"अरे!" इतोहारा खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. "चालली की! काय झालं होतं?"

"जुने शिक्के साचले होते."

"एवढंच?"

"एवढंच."

"नोत्सुसान, तुम्ही ग्रेट आहात. खरंच." तो आपल्या जागी परतत म्हणाला, "शिक्का मारून पाठवा इकडे, मी लगेच मारतो."

साचिएने फाइलबाहेर वेगळं काढलेलं यादीचं पान मिटायला घेतलं. यंत्राने नेहमीप्रमाणे विचारलं, हे पान जतन करायचं का? तिचा हात जरा वेळ हवेत राहिला. मग तिने 'नको' दाबलं.

चालू पानावर दोन चौकटी कोऱ्या होत्या. तिने आपलं बटण दाबलं. उजव्या चौकटीत तिचा लाल शिक्का उमटला, दहा अंश डावीकडे, मॅक्रोमधल्या त्या जुन्या ओळीप्रमाणे. डावीकडची चौकट अजून रिकामी होती.

तिने शिक्क्याला धरलं आणि हळूच फिरवलं. वीस. तीस. हाताने नेमका आकडा साधणं कठीण असतं. चव्वेचाळीसवर गेला, मग सत्तेचाळीसवर. तिसऱ्या खेपेला बसला. ती हात काढून घेऊन थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग फाइल पुढे सरकवली.

इतोहाराने शिक्का मारला, प्रिंटरमधून कागद ओढला आणि कागेयामाकडे देता देता थांबून डोळ्यांजवळ नेला.

"नोत्सुसान, तुमचा शिक्का फारच आडवा आलाय हो. हा प्रिंटर परत कागद तिरका ओढतोय वाटतं."

"प्रिंटरच," साचिए खण लावत म्हणाली. "बघायला हवं."